उतारवयातील कंबरदुखी : अहवालाच्या पलीकडे

स्मरणिकेसाठी लेख लिहावयास बसले म्हणजे दोन प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर येतात. एक आपले व्यवसायबंधू, ज्यांना यातील बहुतेक गोष्टी ठाऊक आहेत. आणि दुसरी आपल्या समाजातील ज्येष्ठ मंडळी व त्यांचे कुटुंबीय, ज्यांच्या घरी हा अंक वर्षभर हाताशी राहतो आणि सवडीने वाचला जातो. दोघांच्याही उपयोगी पडेल असा विषय शोधताना मला फार दूर जावे लागले नाही. इंदुरात चाळीस वर्षे सामान्य व्यवसाय केल्यानंतर एवढे खात्रीने सांगू शकतो की साठीपुढील रुग्ण कोणत्याही कारणासाठी दवाखान्यात आलेला असो, रक्तदाब पाहून झाला, साखरेचा आकडा सांगून झाला, की उठता उठता तो एक वाक्य हमखास बोलतो : "आणि डॉक्टर, या कंबरेचे काहीतरी करा."

हे दुखणे केवळ आपल्या गावाचे नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या वर जाईल, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना देते. वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते आणि पंच्याऐंशीच्या आसपास सर्वाधिक होते. तथापि मला या लेखात आकड्यांपेक्षा निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. कंबर दुखते म्हणून माणूस काय काय सोडून देतो, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. प्रथम जिना सुटतो, मग बाजार, मग देऊळ, मग नातेवाइकांकडचे कार्य. शेवटी उरतो तो पलंग आणि खिडकी. दुखण्याने माणूस क्वचितच मरतो. परंतु दुखण्याच्या भीतीने तो परावलंबी होतो, आणि ही भीती पुष्कळदा आपणच, म्हणजे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी, नकळत त्याच्या मनात घातलेली असते.

'गॅप' म्हणजे काय?

जुन्या मराठीत कंबरदुखीला साधे शब्द होते. उसण भरली, लचक भरली, चमक निघाली. हे शब्द येणाऱ्या आणि जाणाऱ्या गोष्टीचे आहेत. उसण भरते तशी ती उतरतेही. आता आपल्या इंदुरी मराठीत त्यांची जागा दुसऱ्या शब्दांनी घेतली आहे : मणक्यात गॅप आला, नस दबली, गादी सरकली, हाडे घासली. हे शब्द मोडक्या यंत्राचे आहेत. ज्याच्या मनात एकदा "माझा मणका घासला आहे" हे बसले, तो वाकताना श्वास रोखतो, अंग आवळून धरतो, आणि काही महिन्यांत खरोखरच ताठर होतो.

यातील 'गॅप' या शब्दाची गंमत व्यवसायबंधूंना माहीत आहे, पण घरोघरच्या वाचकांसाठी ती सांगणे अगत्याचे आहे. दोन मणक्यांच्या मध्ये लवचिक चकती असते. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, चकती दिसत नाही. म्हणून प्रत्येक निरोगी माणसाच्या एक्स-रेत दोन मणक्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसतेच. वयानुसार चकतीतील पाण्याचा अंश घटतो, ती चपटी होते आणि ही जागा कमी होते. अहवालात लिहिलेले असते ते 'चकतीची जागा कमी झाली' असे. रुग्ण घरी घेऊन जातो ते 'गॅप आला' असे, म्हणजे नेमके उलटे! आणि चकतीची ही झीज केस पांढरे होण्याइतकीच स्वाभाविक आहे.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे उदाहरण देतो. वय ७४, रामबागेकडे दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. गॅपचे निदान कानी पडल्यापासून आठ महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. भजनी मंडळ सुटले होते, पाण्याची कळशी तर राहोच, भरलेला तांब्याही उचलावयाचा नाही असे त्यांनी ठरविले होते, आणि कंबरेचा पट्टा झोपेतही सुटत नव्हता. तपासणीत पायांची ताकद उत्तम होती, स्पर्शज्ञान शाबूत होते, धोक्याचे एकही लक्षण नव्हते. त्यांचा एक्स-रे आणि त्यांच्याच वयाच्या, मजेत हिंडणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीचा एक्स-रे, नाव झाकून, मी शेजारी शेजारी लावला आणि दुखणारी कंबर कोणती ते ओळखण्यास सांगितले. त्यांना ओळखता आले नाही. मलाही केवळ चित्रावरून ओळखता आले नसते, हे मी त्यांना सांगितले. त्या दिवसापासून पट्टा उतरू लागला. तीन महिन्यांनी त्या कठड्याला धरून खाली उतरल्या. दुखणे पूर्ण गेले नव्हते, पण त्याची दहशत गेली होती.

चित्रात दिसते ते सारे आजार नव्हेत

चित्रावर आपला एवढा विश्वास का बसला, याला इतिहास आहे. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवून दिले की फुटलेली चकती मज्जातंतूंच्या मुळांवर दाब आणून पायात जाणारी कळ निर्माण करू शकते. हा शोध मोलाचाच होता. परंतु त्यानंतरच्या दशकांत कंबरदुखी म्हणजे चकतीचाच दोष, असे समीकरण रूढ झाले आणि एमआरआय आल्यावर ते समीकरण प्रत्येकाला डोळ्यांनी पाहता येऊ लागले.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा ३,११० व्यक्तींच्या तपासण्या एकत्र करून पाहण्यात आल्या. विशीतील निरोगी तरुणांपैकी ३७ टक्क्यांत चकतीची झीज दिसली. ऐंशीच्या घरातील निरोगी वृद्धांत हे प्रमाण ९६ टक्के होते. चकती फुगलेली दिसण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के. पुन्हा सांगतो, यांच्यापैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या एमआरआयमध्ये झीज दिसली नाही, तर आश्चर्य वाटावयास हवे.

तरीही मनात शंका उरते : वय झालेल्या माणसाची तपासणी लवकर करून घेतलेली बरी, नाही का? याचेही उत्तर त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. ६५ वर्षांवरील ५,२३९ रुग्णांच्या त्या अभ्यासात, कंबरदुखी सुरू होताच ज्यांची प्रतिमा-तपासणी झाली आणि ज्यांची झाली नाही, त्यांच्या वर्षभरानंतरच्या स्थितीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. याचा अर्थ तपासण्या निरुपयोगी आहेत असा नव्हे. तपासणी एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी करावी, आणि तो प्रश्न रुग्णाशी बोलून व त्याच्या अंगाला हात लावून आधी निश्चित करावा, एवढाच याचा अर्थ.

जेथे घाई करावयाची ती स्थळे

हा प्रश्न वृद्धांच्या बाबतीत अधिक काळजीने विचारावा लागतो. तिशीतल्या माणसाची कंबर दुखली तर गंभीर कारण सापडणे विरळा. वयाबरोबर ही शक्यता वाढते. म्हणून पुढील चार-पाच शक्यता प्रत्येक वेळी मनात फिरवून घ्याव्यात आणि घरच्यांनीही त्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली, ठिसूळ हाडाचा अस्थिभंग. यासाठी मोठी पडझड व्हावी लागत नाही. पाण्याची बादली उचलताना, स्कूटरच्या मागील आसनावर बसून गतिरोधकावरून जाताना, कधी नुसते जोरात शिंकताना मणका दबतो. दुखणे अचानक, एका ठिकाणी, उठता-बसता तीव्र. आडवे झाल्यावर बरे. असे अनेक अस्थिभंग 'वयाची कंबरदुखी' म्हणून नोंदीविना राहतात. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक उंची घटली असेल, पाठीला पोक येत असेल, तर मणक्याचा एक्स-रे अवश्य काढावा. हे दुखणे बहुधा सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. मणका दबलेल्या स्त्रियांपैकी पाचांत जवळजवळ एकीला पुढील वर्षभरातच दुसरा मणका दबण्याचा अनुभव येतो, असे २००१ साली एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. कंबर बरी झाली तरी हाडाचा उपचार तेव्हाच सुरू व्हावयास हवा.

दुसरी, कर्करोग. पुरुषांत प्रोस्टेट, स्त्रियांत स्तन, दोघांत फुप्फुस. आणि रक्तपेशींचा मल्टिपल मायलोमा. विश्रांतीनेही न थांबणारे, रात्री जागे करणारे दुखणे, घटते वजन, पूर्वी झालेला कर्करोग, यांपैकी काही आढळल्यास वाट पाहू नये. कापड गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सहा आठवड्यांच्या कंबरदुखीसाठी आले होते. त्यांच्या चेहऱ्यावरील फिकटपणा कंबरेपेक्षा बोलका होता. हिमोग्लोबिन, ईएसआर, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम या चार साध्या तपासण्यांनी मायलोमाचा माग लागला. त्यांना महागड्या यंत्रापेक्षा आधी रक्ताच्या एका नळीची गरज होती.

तिसरी, मणक्याचा क्षय. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो आपल्या देशातून गेलेला नाही. संध्याकाळचा बारीक ताप, मंदावलेली भूक, मणक्यावर बोट ठेवताच दुखणे, ही त्याची खूण. मधुमेही वृद्धांत ताप नसतानाही तो असू शकतो. वेळेवर औषध सुरू झाल्यास रुग्ण पूर्ण बरा होतो. उशीर झाल्यास पाय जातात.

चौथी, मज्जातंतूंच्या गुच्छावरील दाब. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघेच्या व बैठकीच्या भागाला बधिरता येणे, दोन्ही पायांची ताकद झपाट्याने कमी होणे. येथे दिवस मोजावयाचे नसतात, तास मोजावयाचे असतात. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

आणखी दोन गोष्टी कंबरेबाहेरच्या. वृद्ध धूम्रपानी पुरुषाची अचानक उद्भवलेली कंबर-पोटदुखी ही पोटातील फुगलेल्या महारोहिणीची असू शकते. आणि एकाच बाजूला पट्ट्यासारखी जळजळणारी वेदना ही दोन-चार दिवसांनी उमटणाऱ्या नागिणीची. म्हणून सदरा वर करून पाठ आणि पोट पाहिल्याशिवाय औषध लिहू नये, हा माझ्या गुरुजनांचा दंडक मी आजही पाळतो.

चालताना पाय भरून येतात तेव्हा

वृद्धांचा एक खास प्रकार निराळा सांगितला पाहिजे. मणक्यातील नलिका झिजेमुळे अरुंद होते. बसलेला माणूस ठणठणीत असतो. चालू लागला की शे-दोनशे पावलांत कुल्ले, मांड्या, पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात आणि तो बसावयास जागा शोधतो. बसताच किंवा पुढे वाकताच आराम. असा माणूस शंभर पावले धड चालू शकत नाही, पण सायकलवरून गावभर फिरून येतो, कारण सायकलवर कंबर पुढे वाकलेली असते. भाजीची ढकलगाडी किंवा वॉकर पुढे रेटत तो अधिक चालतो, तेही याच कारणाने. याउलट पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर नुसते उभे राहूनही दुखणे थांबते, बसावे लागत नाही. आणि पायांची नाडी मंद लागते. हा फरक दोन प्रश्नांत व एका स्पर्शात कळतो. खुब्याच्या सांध्याची झीजही कंबरदुखीचे सोंग घेऊन येते. म्हणून रुग्णास निजवून पाय आत-बाहेर वळवून पाहावा.

नलिका अरुंद असलेल्यांपैकी बरेच जण व्यायामाने आणि चालण्याची विभागणी करून वर्षानुवर्षे निभावतात. ज्यांचे चालणे सतत कमी होत आहे अशा निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेचा लाभ होतो, आणि केवळ वय पुढे करून तो नाकारू नये. मात्र या विकारावर सर्रास दिल्या जाणाऱ्या कण्यातील स्टिरॉइडच्या इंजेक्शनांची २०१४ साली ४०० रुग्णांवर पद्धतशीर चाचणी झाली, तेव्हा नुसत्या भुलीच्या इंजेक्शनापेक्षा त्यांचा फायदा अत्यल्प किंवा शून्य ठरला.

अंथरुण हे औषध नव्हे

आपल्या घरांत कंबर धरली की पहिला उपाय ठरलेला : "पडून राहा." एके काळी वैद्यकशास्त्रही हेच सांगत असे. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती तोलून पाहण्यात आली. अधिक दिवस पडून राहण्याचा काहीच फायदा झाला नाही, कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. १९९५ साली हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत, जमेल तेवढे नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले. अंथरुणावर ठेवलेले सर्वांत उशिरा.

हे झाले नोकरी करणाऱ्या वयाचे. वृद्धांत अंथरुणाची किंमत याहून कितीतरी अधिक मोजावी लागते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या, पूर्णपणे निरोगी व्यक्तींना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू झडले. पंचाहत्तरीच्या, आधीच हडकलेल्या आजींना "महिनाभर उठू नका" असे सांगणे म्हणजे काय, याचा हिशेब यावरून करावा. कंबर बरी झालेली असते, पण उभे राहावयास पायच उरत नाहीत. त्यातून पडणे, आणि पडण्यातून खुब्याचा अस्थिभंग. फार दुखत असेल तेव्हा एक-दोन दिवस अधिक वेळ आडवे व्हावे. पण जेवण खुर्चीवर, शौच न्हाणीघरात, आणि तासातासाने खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या, एवढे सुटू देऊ नये.

गोळ्या, पट्टे आणि पुड्या

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीवरील शस्त्रक्रियाविरहित उपचारांची आपली पहिली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. रुग्णाला आजार समजावून सांगणे, व्यायाम, मनोविचारांवरील उपचार यांना तिने स्थान दिले आहे. कंबरेचे पट्टे, वजने लावून ताण देणे, अल्ट्रासाउंडचा शेक, विजेचे झटके देणारी यंत्रे आणि अफूवर्गीय औषधे यांचा नित्य वापर करू नये, असे तिने स्पष्ट म्हटले आहे. यांतील किती गोष्टी आपल्याकडे रोज लिहून दिल्या जातात, हे मी वेगळे सांगावयास नको.

पॅरासिटामॉल तुलनेने निर्धोक. परंतु ताज्या कंबरदुखीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस नाही, असे २०१४ च्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत दिसले. पायात कळ जाणाऱ्यांना दिले जाणारे प्रिगॅबालिन २०१७ च्या चाचणीत निष्प्रभ ठरले. चक्कर मात्र वाढली. वृद्धाला चक्कर म्हणजे पडण्याला आमंत्रण. स्नायू सैल करणाऱ्या आणि झोपेच्या गोळ्यांचेही तेच. सूज उतरविणाऱ्या वेदनाशामकांचा थोडा उपयोग होतो, पण उतारवयात त्या जठराला, मूत्रपिंडाला आणि हृदयाला महाग पडतात. त्यातून रक्तदाबासाठी एनालाप्रिल-टेल्मिसार्टनसारखे औषध आणि लघवीची गोळी आधीच चालू असेल, तर तिघांचा एकत्रित मारा मूत्रपिंड बंद पाडू शकतो. म्हणून औषधविक्रेत्याकडून परस्पर गोळ्या आणू नयेत. आणि आम्ही डॉक्टरांनीही थोड्या दिवसांपुरत्या, कमीत कमी मात्रेत, चालू औषधांची यादी पाहूनच त्या लिहाव्यात.

ज्यांवर घटकांची नावे नाहीत अशा पुड्यांपासून मात्र चार हात दूर राहावे. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याच्या घटना वारंवार उघडकीस आल्या आहेत. दोन दिवसांत जादू होते, आणि दोन वर्षांत हाडे पोकळ. साधा गरम शेक घेण्यास हरकत नाही; मधुमेहामुळे संवेदना बोथट असतील तर प्रथम दुसऱ्याने हात लावून उष्णता पाहावी.

व्यायाम : कोणता आणि किती?

सर्वांत स्वस्त उपचार चालणे. २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत, नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ प्रौढांपैकी निम्म्यांना टप्प्याटप्प्याने चालणे वाढविण्यास शिकविले. त्यांची कंबरदुखी पुन्हा उद्भवेपर्यंतचा मध्यक काळ २०८ दिवस होता; इतरांचा ११२ दिवस. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास हे उद्दिष्ट असावे, प्रारंभ मात्र पाच मिनिटांनीही चालेल.

त्याच्या जोडीला घरच्या घरी चार व्यायाम पुरतात. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे. ओट्याला धरून टाचा उचलणे. पाठीवर निजून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणे. भिंतीला पाठ टेकून खांदे मागे नेणे. व्यायाम करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळले, तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशीही रेंगाळले, तर प्रमाण कमी करावे. बंद करू नये.

योगासने करणाऱ्या आपल्या मंडळींना एक सूचना. हाडे ठिसूळ असतील तर कंबरेतून खोल पुढे वाकण्याचे प्रकार टाळावेत. मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली अशा ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ मागे नेण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांत, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांत मणके नव्याने दबलेले आढळले. अभ्यास लहान असला तरी सावध करणारा आहे. म्हणून पश्चिमोत्तानासन किंवा पूर्ण सूर्यनमस्कार उतारवयात नव्याने सुरू करण्यापूर्वी हाडांची घनता तपासून घ्यावी. वर्षानुवर्षांचा सराव आणि मजबूत हाडे असतील त्यांची गोष्ट वेगळी.

घरच्यांसाठी दोन शब्द

आपल्या समाजातील अनेक घरांत आज दोनच माणसे राहतात, दोघेही सत्तरीपुढची. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. फोनवरून ती कळवळून सांगतात, "आई, तू काही करू नकोस, बाई लावून घे." यामागचे प्रेम खरे असते, परंतु त्याचा परिणाम उलटा होतो. ज्या आईने पन्नास वर्षे घर चालविले, तिच्या हातातून पोळपाट-लाटणे काढून घेतले की तिची कंबर बरी होत नाही, ती स्वतःला निकामी समजू लागते. एकटेपणा, उदासी आणि अपुरी झोप यांनी तीच वेदना दुप्पट जाणवते. म्हणून "कर नकोस" याऐवजी "सोपे करून कर" असे म्हणावे. बादली अर्धी भरावी. रोजचे डबे कंबरेच्या उंचीच्या फळीवर यावेत. भाजी निवडणे खुर्ची-टेबलावर. पलंग एवढा उंच की बसताना गुडघे कंबरेपेक्षा वर जाऊ नयेत. न्हाणीघरात घट्ट बसविलेला आधाराचा दांडा आणि न घसरणारी चटई, रात्री वाटेत मंद दिवा. या साऱ्याचा खर्च एका एमआरआयहून कमी येतो.

व्यवसायबंधूंना विनंती

रुग्ण अहवालाचे पाकीट पुढे करील तेव्हा ते क्षणभर बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात : रात्री झोप मोडते का, वजन घटले का, लघवी-शौचाची काही तक्रार आहे का? मग चौथी : या दुखण्यामुळे आपण काय करावयाचे सोडले? पहिल्या तिन्हींची उत्तरे 'नाही' अशी आली आणि तपासणीत काही वावगे दिसले नाही, तर उपचार चौथ्या उत्तराचा करावा. कागदावर औषधाच्या नावाआधी "रोज दोनदा जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाणे" असे लिहिले, तर रुग्ण तेही औषधाइतकेच मनावर घेतो, हा माझा अनुभव आहे. आणि 'गॅप', 'घासले', 'संपले' हे शब्द आपल्या तोंडून जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

शेवटी एक सूचना मंडळापुढे ठेवतो. आपल्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्यात यापुढे दोन नोंदींची भर घालावी. एक, भिंतीला टेकवून मोजलेली उंची, जी दर वर्षी त्याच पत्रकावर लिहिली जाईल. दोन, हात छातीवर बांधून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते तो आकडा. पहिल्या नोंदीतून दबणारे मणके वेळीच लक्षात येतील, दुसरीतून झडणारे स्नायू. यासाठी लागते ती एक मोजपट्टी, एक घड्याळ आणि हात नसलेली एक खुर्ची. तिन्ही आपल्या सभागृहात आजही आहेत. पुढील शिबिरात त्या खुर्चीशेजारी घड्याळ घेऊन बसण्याचे काम मी आनंदाने पत्करीन.